सलूनमधली ग्राहकाची केप नव्याने आखायची आहे: कापड, गळा, कॉलर, बंद यांबद्दल सल्ला हवा

प्रश्न: शिवणरेषा (टोपणनाव)

नमस्कार. केस कापताना किंवा कलर करताना ग्राहकाच्या अंगावर टाकतात ती केप मुळापासून नव्याने आखतोय. सध्या मिळणाऱ्या बहुतेक केप म्हणजे एक आयत, त्यात एक गोल भोक आणि मागे टिचबटणं. तक्रारीही ठरलेल्या आहेत. मानेत बारीक केस शिरतात, पॉलिस्टरला केस चिकटून राहतात, बेसिनवर मान टेकली की पाणी पाठीवर उतरतं आणि कलरचे डाग पडून केप लवकर बाद होते.

कच्चा आराखडा असा आहे: पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग असलेला पॉलिस्टर टॅफेटा, म्हणजे पातळ, घट्ट विणीचं गुळगुळीत कापड, ८० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये). माप ११५ × १५० सेमी. मानेला वेल्क्रो. कटिंग आणि कलर दोन्हींसाठी एकच केप. ग्राहकाला फोन पाहता यावा म्हणून मांडीवर पारदर्शक खिडकी.

यात कुठे चुकतंय? गळ्याचा आकार कसा काढावा हे सगळ्यात जास्त अडलंय. कापडातले, शिवणातले आणि सलूनमध्ये रोज काम करणारे अशा तिघांचीही मतं हवी आहेत.

उत्तर: ताणाबाणा

कटिंगला आणि कलरला एकच केप, हा आग्रह आधी सोडा. दोन्ही कामांना कापडाकडून उलट गुण हवे असतात. मधला मार्ग काढलात तर दोन्हीकडे अपुरी पडणारी वस्तू तयार होईल.

कटिंगच्या केपमध्ये खरी अडचण स्थिर विद्युतेची असते. केस आणि पॉलिस्टर एकमेकांवर घासले की केसावर धन भार येतो आणि पॉलिस्टरवर ऋण. घर्षणाने कोणत्या पदार्थावर कोणता भार येतो याची जी क्रमवारी आहे, तिच्यात ही दोन्ही जवळजवळ विरुद्ध टोकांना आहेत. म्हणून केस कापडाला धरून बसतात आणि झटकले तरी पडत नाहीत. नायलॉन या क्रमवारीत केसाच्या जवळ आहे, त्यामुळे दोघांत भार कमी साठतो. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की हा फरक ठळक जाणवतो. ब्लो-ड्रायरची गरम, कोरडी हवा केपच्या पृष्ठभागावर नेमकी हीच स्थिती आणते. दमट दिवसात चांगली वाटलेली केप ड्रायर सुरू होताच केस पकडू लागते ती यामुळेच.

'अँटिस्टॅटिक' कापड घेताना एकच गोष्ट विचारा: हा गुण वरून दिलेल्या फिनिशचा आहे की धाग्याचा? फिनिश प्रत्येक धुण्यात थोडं थोडं निघून जातं. कार्बनचा धागा मध्ये विणलेलं कापड मात्र टिकतं. त्यात ५ किंवा १० मिमी अंतरावर बारीक गडद रेघा किंवा चौकटी दिसतात.

विणीकडे तितकंच लक्ष द्या. केसाची जाडी साधारण ०.०५ ते ०.१ मिमी. मशीनने कापलेला १ ते ३ मिमीचा तुकडा कडक असतो आणि त्याला टोक असतं, तो सुईसारखा विणीत घुसतो. होजिअरीचं, म्हणजे निट कापड यासाठी पूर्ण बाद. फंदे ताणले की उघडतात, केस आत जातो आणि दुसऱ्या बाजूने त्वचेला टोचतो. साधी घट्ट वीण, अखंड लांब तंतूचा (फिलामेंटचा) धागा आणि गरम रोलरखालून दाबून गुळगुळीत केलेली बाजू बाहेर, असं नायलॉन टॅफेटा घ्या. ६० ते ७० जीएसएम पुरेसं आहे. कटिंगच्या केपला कोटिंगची गरज नाही, पाण्याच्या फवाऱ्यापुरतं पाणी झटकणारं फिनिश चालतं. कोटिंग नसल्याने ग्राहकाला आत घामही कमी येतो.

कलरच्या केपसाठी गणित उलटं. नायलॉन रंग पटकन पितो, हेअर कलरमधले लहान रेणू त्याच्या तंतूत सहज शिरतात. शिवाय डेव्हलपरमधलं, म्हणजे कलर ज्यात कालवतात त्या द्रवातलं, हायड्रोजन पेरॉक्साइड (सर्वसाधारण वापरात ३ ते १२ टक्के) आणि ब्लीच पावडरमधली पर्सल्फेट्स नायलॉनला पिवळं आणि कमकुवत करतात. पॉलिस्टरचा तंतू खोलीच्या तापमानाला इतका बंदिस्त असतो की रंग आत जायला वावच नसतो. वेळेत पुसलं तर डाग जवळजवळ निघतो. तेव्हा कलरसाठी पॉलिस्टरच, आणि कोटिंग आतल्या बाजूला. पीयू स्वतः रंग धरतं, त्यामुळे कोटिंग बाहेर ठेवलंत तर पहिल्याच आठवड्यात केप डागाळलेली दिसेल.

कोटिंगचा प्रकारही विक्रेत्याकडून लेखी घ्या. पॉलिएस्टर जातीचं पीयू उष्णता, ओल आणि अल्कली यांनी तुटत जातं, आधी चिकट होतं आणि मग सोलून निघतं. ब्लीच आणि पर्म (केस कुरळे करायचं रसायन) दोन्ही सहसा अल्कधर्मी असतात, म्हणून इथे पॉलिइथर जातीचं पीयू बरं. पीव्हीसी सुचवणारेही भेटतील. ते पूर्ण जलरोधक असतं, पण त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं, मग घड्यांवर चिरा पडतात. वजनाचाही विचार करा. ११५ × १५० सेमी म्हणजे १.७२५ चौरस मीटर. ८० जीएसएमला ही केप १३८ ग्रॅमची होते, २०० जीएसएमच्या पीव्हीसीला ३४५ ग्रॅमची. हा भार तासभर मानेवर असतो.

उष्णतेचंही ध्यानात असू द्या. स्ट्रेटनर १८० ते २३० अंश सेल्सिअसला चालतो. नायलॉन ६ साधारण २२० अंशांना वितळतं, पॉलिस्टर २५० च्या पुढे. म्हणजे स्टायलिंगच्या वेळी ग्राहकाच्या अंगावर नायलॉनची केप नसलेली बरी.

उत्तर: उरेबपट्टी

गळ्याचं सांगतो. मूळ चूक गोल भोकातच आहे. मान खांद्यांवर उभ्या नळीसारखी बसलेली नसते, ती पुढे झुकलेली असते. मानेचा पायथा मागे वर आणि पुढे खाली असतो. गोल भोकाची केप घातली की पुढची कड गळ्यावर चढते आणि मागे मानगुटीपाशी फट पडते. ग्राहक गळ्याशी आवळतंय म्हणतो, म्हणून बटण एक घर सैल केलं जातं, आणि मागची फट आणखी मोठी होते. केस तिथूनच आत जातात.

गळा अंड्याच्या आकाराचा काढा. रुंदी १३ सेमी. खांद्याच्या रेषेपासून मागे खोली २.५ सेमी, पुढे ८ सेमी. शिवणीच्या रेषेवर परीघ ३७ ते ३८ सेमी भरतो. कापताना शिवणीसाठी १ सेमी आत ठेवा, नाहीतर गळा मोठा होऊन बसेल.

भोकाची जागा मध्यावर नको. बसलेल्या माणसाच्या गळ्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत ९५ ते १०० सेमी लागतात, मागे खुर्चीच्या पाठीवरून सोडायला ४० सेमी पुरतात. १५० सेमी पन्ह्याचं कापड रुंदीला पूर्ण वापरा म्हणजे खुर्चीचे हातही झाकले जातात. तुमच्या ११५ सेमी रुंदीत ग्राहकाने कोपर बाहेर काढलं की बाही उघडी पडते.

पुढचा भाग मागच्याहून दुपटीने लांब असल्याने केप सतत पुढे ओढली जाते आणि बटणाची पट्टी गळ्यात रुतते. यावर उपाय खांद्यावरच्या टक्सचा, म्हणजे कापड चिमटीत धरून घातलेल्या निमुळत्या शिवणीचा. सपाट कापड उतरत्या खांद्यावर नीट बसत नाही, मानेभोवती ते छत्रीसारखं उचललेलं राहतं आणि भार सगळा कॉलरवर येतो. दोन्ही खांद्यांवर एक लांब टक्स घ्या: गळ्यापाशी शून्य, गळ्यापासून १३ सेमीवर सगळ्यात रुंद म्हणजे एकूण ४ सेमी, आणि ३८ सेमीवर पुन्हा शून्य. आता कापड खांद्यावर टेकतं आणि वजन खांदे घेतात. कॉलर फक्त फट बंद करायचं काम करते, आणि तिने एवढंच करायला हवं.

कॉलर वेगळी कापा, केपच्या कापडाची दुमड म्हणून काढू नका. उंची मागे ४ सेमी, पुढे ३ सेमी. कापड विणलेलंच पण थोडं ताणणारं, नायलॉन आणि इलास्टेनचं. रिबचं कापड मऊ लागतं म्हणून मोह होतो, पण त्यात केस अडकतात आणि पुढच्या ग्राहकाला टोचतात.

बंद कुठे असावा, याचा विचार फार थोडे लोक करतात. मानगुटीच्या बरोबर मध्यावर बटणं आली की तिथे उंचवटा तयार होतो, आणि नेमक्या त्याच जागी कंगवा आणि मशीन चालवायचं असतं. उघडझाप मध्यापासून ६ सेमी बाजूला सरकवा. चीर तिथून मागच्या कडेपर्यंत सरळ जाऊ द्या.

चिरेच्या दोन्ही कडांना गळ्याच्या ३८ सेमीखेरीज प्रत्येकी ८ सेमी जादा कापड हवं. म्हणजे मध्यम मानेला एक कड दुसरीवर १६ सेमी चढते. ४६ सेमीच्या मानेलाही ८ सेमी चढाव उरतो आणि ३१ सेमीच्या मानेला तो २३ होतो. चढाव ८ च्या खाली गेला की ग्राहकाने मान वळवताच चीर उघडते. पन्ह्यातून एवढं कापड निघत नसेल तर आतली पट्टी वेगळी जोडा.

बटणांसाठी ३ सेमी अंतरावर ५ घरं ठेवा. पहिल्या आणि शेवटच्या घरात १२ सेमींचा फरक पडतो, कॉलरचा ताण आणखी ३ ते ४ सेमी देतो, आणि ३१ ते ४६ चा सगळा पल्ला झाकला जातो. प्लॅस्टिकची टिचबटणं घ्या, १२ मिमीच्या आसपासची. धातूच्या बटणातलं निकेल कित्येकांच्या त्वचेला सोसत नाही, आणि पेरॉक्साइडने ती काळी पडतात ते वेगळंच. बटणामागे कॅनव्हासची पट्टी घालायलाच हवी, नाहीतर पातळ टॅफेटातून बटण कापडासकट उपटून येतं. वेल्क्रो नको. आकड्यांत केस भरतात, पकड जाते आणि धुताना शेजारच्या केपचे धागे ओढले जातात.

शिवताना बारीक टोकाची ७० नंबरची सुई, पॉलिस्टर धागा, टाका ३ मिमी. टाका लहान घेतला तर कोटिंगच्या कापडाला भोकांची रांग पडते आणि ते तिथूनच फाटतं. सुती धागा पाणी शोषून आत नेतो. टाचण्या लावू नका, त्यांची भोकं बुजत नाहीत, क्लिपा वापरा. कलरच्या केपला टक्सची शिवण आतून सीम टेपने (उष्णतेने शिवणीवर चिकटणाऱ्या पट्टीने) बंद करा, उष्णता टेप बनवणाऱ्याने दिलेली तेवढीच. शिवणीच्या कच्च्या कडा आतच राहिल्या पाहिजेत. बाहेरून दिसणारी प्रत्येक दुमड म्हणजे केस साठायची जागा. काठालाही रुंद दुमड नको, १ सेमीची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावून बंद करा. तिच्या वजनाने केप ड्रायरच्या हवेत उडतही नाही.

उत्तर: कात्रीकंगवा

वरच्या दोघांशी सहमत. वापरणाऱ्या हातांच्या बाजूने काही जोडते.

कॉलर कितीही चांगली असली तरी ती थेट त्वचेला लागता कामा नये. कटिंगला आधी नेक स्ट्रिप: ६ ते ७ सेमी रुंद, चुण्या असलेला ताणणारा कागद. तो मानेभोवती घ्यायचा, त्यावर केप बांधायची आणि कागदाची वरची कड कॉलरवर दुमडायची. म्हणून कॉलरची उंची ४ सेमींच्या पुढे नेऊ नका. कॉलर उंच झाली तर दुमडायला कागद उरत नाही आणि मानेवरचे केस कापायला जागाही उरत नाही. कलरला क्रम वेगळा: आधी टॉवेल, त्यावर केप, केपवर दुसरा टॉवेल.

बेसिनवर पाणी पाठीत जातं त्याचं कारण बहुतेक वेळा केपचं कापड नसतं. केपचा मागचा भाग ग्राहकाची पाठ आणि खुर्ची यांच्यामध्ये दबलेला असतो. मान मागे टेकली की कॉलर वर सरकते, आतला टॉवेल बेसिनच्या कडेला लागतो आणि वातीसारखं पाणी ओढून पाठीपर्यंत नेतो. मागचा भाग खुर्चीच्या पाठीबाहेर सोडलेला हवा, आतल्या टॉवेलची कड कॉलरच्या आत लपलेली हवी. आखणीत यासाठी एवढं करा: मागच्या काठावर मध्यभागी एक छोटी पकड शिवा. ती धरून केप एका हाताने खुर्चीबाहेर ओढता येते. घाईच्या वेळी हे काम राहून जातं ते धरायला काही नसतं म्हणून.

केपची आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळ्या रंगांची ठेवा. दोन्ही सारख्या दिसल्या की केप कधीतरी उलटी घातली जाते, आणि आधीच्या ग्राहकाचा कलर नव्या ग्राहकाच्या कपड्यांना लागतो. ब्लीच पावडरची पर्सल्फेट्स आणि कलरमधली काही द्रव्यं त्वचेला ॲलर्जी आणू शकतात, त्यामुळे कपडे खराब होण्यापुरता हा प्रश्न नाही. केपवर वाळलेलं ब्लीच कोरडं झटकू नका, ती पूड श्वासात जाते. ओल्या फडक्याने टिपून घ्या.

रंग निवडताना कटिंगला फिकी राखाडी चांगली. काळे केस तिच्यावर स्पष्ट दिसतात, कापलेली रेषा तपासता येते. पांढऱ्या केसांसाठी एक गडद केप जवळ असू द्या. लाल किंवा जांभळी केप टाळा, तिची झाक चेहऱ्यावर पडते आणि केसांच्या रंगाचा अंदाज चुकतो.

खिडकीबद्दल: कल्पना चांगली वाटते, पण ती मांडीवरच्या खोलगट भागात येते, आणि सगळे केस शेवटी तिथेच जमतात. म्हणजे फोन केसांखालीच जातो. धुण्यात पारदर्शक तुकड्याला घड्या पडून तो दुधाळ होतो. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना कोपराच्या उंचीवर हात बाहेर काढायला २० सेमीची फट द्या आणि तिच्यावर वरून झाप सोडा, कौलांसारखी, वरची कड खालचीवर चढलेली. केस झापेवरून घसरून खाली जातात. कलरच्या केपला फट देऊ नका.

हात बाहेर येण्याची सोय फोनपुरती नाही. लहान मुलं, बंदिस्त वाटून घाबरणारे लोक, चष्मा सारखा करायचा असणारे ज्येष्ठ, सगळ्यांना ती लागते. कोणाला चक्कर आली किंवा जीव गुदमरला तर केप एका ओढीत सुटली पाहिजे, हेही तपासा. टिचबटणं एका हाताने सुटतात. आकड्याचा बंद अशा वेळी अडतो.

शिवणरेषा

सगळ्यांचे आभार. खिडकी आणि वेल्क्रो काढून टाकले, दोन वेगळ्या केप करतोय. दोन शंका. कॉलरसाठी सिलिकोन आणि बंदासाठी लोहचुंबक कसे राहतील? आणि दोन-तीन कापडांचे नमुने आणलेत, त्यांची तुलना घरच्या घरी कशी करता येईल?

उत्तर: उरेबपट्टी

चुंबक नको. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी चुंबक त्या यंत्रापासून किमान १५ सेमी लांब ठेवावा असं सांगितलं जातं. पेसमेकर सहसा गळ्याच्या हाडाखाली बसवलेला असतो, आणि केप काढताना बंदाची दोन्ही टोकं छातीवरूनच पुढे येतात. कोणाला पेसमेकर आहे हे प्रत्येक वेळी विचारलं जाईलच असं नाही. त्याशिवाय पोलादी कात्री आणि क्लिपा चुंबकाला जाऊन चिकटतात.

सिलिकोनची कॉलर फट फार छान बंद करते आणि पुसून लगेच स्वच्छ होते. पण ती जड असते, खाली घाम साचतो, आणि बारीक केस तिच्यावर घट्ट बसतात. घ्यायचीच तर मऊ, शोअर ए या मापात २० ते ३० कडकपणाची घ्या आणि केपवर कायमची न शिवता बटणांवर काढता-घालता येईल अशी ठेवा. केप धुवायला गेली तरी कॉलर हाताशी राहते.

उत्तर: ताणाबाणा

नमुन्यांच्या चाचण्या सोप्या आहेत. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागेल.

केस झटकण्यासाठी: प्रत्येक कापडाचा ३० × ३० सेमी तुकडा पुठ्ठ्यावर ताणून लावा आणि त्याचं वजन करून ठेवा. कोरड्या लोकरीच्या फडक्याने २० वेळा घासा, मग ड्रायरची गरम हवा मिनिटभर द्या. मशीनने कापलेले बारीक केस २ ग्रॅम मोजून आडव्या कापडावर पसरा, नंतर पुठ्ठा ४५ अंशांत उभा करून मागून तीन टिचक्या मारा. पुन्हा वजन करा. जेवढं वाढलं तेवढे केस कापडाने धरून ठेवले. सगळ्या नमुन्यांची चाचणी एकाच दिवशी, एकाच खोलीत घ्या. आर्द्रता बदलली तर आकड्यांची तुलनाच करता येत नाही. धुतलेल्या तुकड्यावर ती पुन्हा केलीत तर वरून दिलेलं अँटिस्टॅटिक फिनिश किती उतरलं तेही कळेल, म्हणून १० धुण्यांनंतर हीच चाचणी परत घ्याच.

पाण्यासाठी: कापडाची वाटीसारखी झोळी करून बरणीच्या तोंडावर रबराने बांधा, २०० मिली पाणी ओता, बरणीच्या तळाशी टिशू पेपर ठेवा. अर्ध्या तासाने टिशू कोरडा हवा. टक्सची शिवण मध्ये येईल असा तुकडाही याच पद्धतीने तपासा, कारण गळती कापडातून कमी आणि शिवणीतून जास्त होते.

डागासाठी गडद कलर ६ टक्के डेव्हलपरमध्ये कालवून लावा. एक थेंब ५ मिनिटांनी पुसा, दुसरा ४५ मिनिटांनी. ब्लीचचा थेंब वेगळा. पुसल्यावर कापड उलटून पाहा, कोटिंगपर्यंत रंग पोचला असेल तर बाहेरचं फिनिश कमी पडतंय.

धुण्याची सूचना लेबलवर शिवूनच द्या: आधी कोरडी झटका आणि ब्रश फिरवा, मग ४० अंशांत, सौम्य साबणाने, बटणं लावून. केस ओले झाले की विणीत रुततात आणि मशीनची जाळीही तुंबते. सॉफ्टनर घालू नका. त्याने भार तात्पुरता कमी होतो, पण त्याचा थर पाणी झटकणारं फिनिश निकामी करतो. कोटिंगच्या केपला गरम ड्रायर नको, दांडीवर पसरून वाळवा.

उत्तर: कात्रीकंगवा

एक राहिलं. व्हीलचेअरवर बसलेल्या ग्राहकासाठी १५० सेमी रुंद केप चाकांत अडकते. त्याच गळ्याची, ११० सेमी रुंद आणि पुढे ७५ सेमी लांब अशी एक छोटी केप संचात ठेवा. लहान मुलांना ती चालेल असं वाटेल, पण त्यांची मान २५ ते ३० सेमी असते आणि या गळ्यात मोठी फट राहते. मुलांसाठी गळा वेगळाच काढावा लागेल.

उत्तर: उरेबपट्टी

मुलांसाठी गळ्याची रुंदी १० सेमी, मागे खोली २ आणि पुढे ५.५ सेमी ठेवा. परीघ २८ च्या आसपास येतो. बटणं २ सेमी अंतरावर चार, कॉलर २.५ सेमी उंच. खांद्यावरचा टक्स ९ सेमीवर ३ सेमी घ्या आणि २६ सेमीवर संपवा.